हेडर फाइल सापडत नाही! विंडोज, लिनक्स आणि मॅकवर सी कंपाइल करताना वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सोलापुरात अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या टॉवेल कारखान्यांसाठी मी यंत्रमागाची मोजणी करणारी छोटी सॉफ्टवेअर लिहितो. मागाला लावलेला बोर्ड लिनक्सवर चालतो, केबिनमधला पीसी विंडोजवर, आणि एका मालकाच्या मुलाने पुण्याहून मॅक आणलाय. सी कोड मात्र तिन्हीकडे एकच. शिवाय संध्याकाळी इंजिनिअरिंगची पोरं लॅपटॉप काखेत मारून येतात. बहुतेकांचं दुखणं प्रोग्रामच्या पहिल्या चार ओळींतच असतं, म्हणजे हेडर मागवणाऱ्या इन्क्लूडच्या ओळींत. (कंपायलर म्हणजे कोडचा चालणारा प्रोग्राम बनवणारा, आणि हेडर म्हणजे कुठली फंक्शनं मिळतील ते त्याला सांगणारी फाइल.) तेच तेच सांगून घसा बसला, म्हणून हे लिहून ठेवलं.

फाइलींची नावं आपण तोंडाने म्हणतो तशीच लिहिली आहेत: स्टडिओ, स्टडलिब, कोनिओ.

दादा, लॅबमध्ये चालणारा प्रोग्राम घरी उबुंटूवर पहिल्याच ओळीला का मरतो?

कारण ती ओळ कोनिओ डॉट एचची असते, आणि ती फाइल सी भाषेची नाहीच. डॉसच्या काळात कंपायलर बनवणाऱ्यांनी स्क्रीन आणि कीबोर्ड हाताळायला ती आपापल्या सोयीने दिली होती. बोर्लंडचा टर्बो सी १९८७ साली आला, आपल्याकडच्या कॉलेजांत रुजला, आणि त्याच्यासोबत कोनिओही घरचीच झाली. उबुंटू म्हणजे लिनक्सच, आणि लिनक्सने ती कधी पाहिलेलीच नाही, म्हणून तो सरळ सांगतो, 'नो सच फाइल ऑर डिरेक्टरी'.

विंडोजवर जास्त फसगत होते. मिनजीडब्ल्यू (लिनक्सवरच्या नेहमीच्या जीसीसी कंपायलरचं विंडोजवरचं रूप) किंवा मायक्रोसॉफ्टच्या व्हिज्युअल स्टुडिओमध्ये कोनिओ नावाची फाइल आहे, त्यामुळे इन्क्लूडची ओळ पार पडते. पण आत स्क्रीन पुसणारं 'सीएलआरएससीआर' नसतं. गाडी टिकेकरवाडीला नाही अडली, तर कुर्डुवाडीला अडते, एवढाच फरक.

उपाय साधा आहे. स्क्रीन पुसणारी ओळ काढून टाका, तिच्यावाचून कुणाचं अडत नाही. शेवटी 'गेटच' लिहिता ते फक्त खिडकी लगेच बंद होऊ नये म्हणून. तिथे स्टडिओमधलं 'गेटचार' चालतं. आणि हो, 'व्हॉइड मेन' सोडा, 'इंट मेन' लिहा. एंटर न दाबता खरोखरच एक कळ वाचायची असेल तर लिनक्स-मॅकवर टर्मिऑस डॉट एच आणि विंडोजवर अंडरस्कोअर लावलेलं गेटच, असे दोन वेगळे रस्ते आहेत. ते एकाच फाइलीत कालवू नका. कसं वेगळं ठेवायचं ते पुढे आहे.

मग कुठली हेडर कुठे मिळेल हे ओळखायचं कसं?

माझ्या डोक्यात तीन कप्पे आहेत.

पहिला, भाषेच्या मानकातला. १९८९ च्या मानकात १५ हेडर होती: स्टडिओ, स्टडलिब, स्ट्रिंग, मॅथ, टाइम, सीटाइप वगैरे. १९९९ च्या मानकापर्यंत ती २४ झाली, त्यात स्टडइंट आणि स्टडबूल आली. २०११ ला २९ झाली. पीसीवरच्या कुठल्याही कंपायलरवर जुनी १५ डोळे मिटून वापरा. नव्यांत थोडं बघून घ्या. उदाहरणार्थ, थ्रेड्स डॉट एच मानकात असली तरी ती देणं कंपायलरवर बंधनकारक नाही.

दुसरा कप्पा पॉझिक्सचा, म्हणजे युनिक्स घराण्यातल्या सिस्टिमांच्या सामाईक मानकाचा: युनिस्टड, पीथ्रेड, सिस स्लॅश सॉकेट. लिनक्स आणि मॅकवर मिळतात, व्हिज्युअल स्टुडिओत नाहीत. मिनजीडब्ल्यूमध्ये युनिस्टड असते, पण तिच्यात लिनक्सवालं सगळं असेल असं धरून चालू नका.

तिसरा कप्पा एकाच घरचा. विंडोज डॉट एच विंडोजची, लिनक्स स्लॅशने सुरू होणारी लिनक्सची.

मधेच एक जुनी खोड. मेमरी मागणाऱ्या मॅलॉक फंक्शनसाठी मॅलॉक डॉट एच लिहायची सवय अनेकांना कुठल्यातरी झेरॉक्स नोट्समधून लागलेली असते. मॅलॉक स्टडलिबमध्येच आहे. मॅकवर ती ओळ अडते, कारण तिथे त्या नावाची फाइल वेगळ्या फोल्डरात आहे.

टोकदार कंस की अवतरणचिन्ह? दोन्हीने चालतं की.

चालतं, बहुतेक वेळा. टोकदार कंसात लिहिलं की कंपायलर ठरलेल्या फोल्डरांत शोधतो, आणि तुम्ही कंपाइलच्या कमांडमध्ये 'वजा मोठा आय' देऊन सांगितलेल्या फोल्डरांत. अवतरणात लिहिलं तर आधी ज्या फाइलीत इन्क्लूड लिहिलंय तिच्या फोल्डरात बघतो, तिथे नसेल तर वरच्याच यादीकडे वळतो. तेव्हा आपल्या फाइली अवतरणात, बाहेरच्या कंसात.

यात एक खड्डा आहे. मायक्रोसॉफ्टचा कंपायलर अवतरणातली फाइल शोधताना, ही फाइल जिने मागवली तिच्या फोल्डरात, मग तिलाही जिने मागवलं तिच्या, असं आजोबा-पणजोबांपर्यंत जातो. जीसीसी एवढं गोत्र बघत नाही. म्हणून विंडोजवर बिनबोभाट होणारा प्रोजेक्ट लिनक्सवर फाइल नाही म्हणतो, आणि पोरगं म्हणतं, "फाइल तर समोर दिसतेय की ओ!" यावर मी एकच करतो. प्रोजेक्टचं मुख्य इन्क्लूड फोल्डर 'वजा मोठा आय'ने एकदा सांगतो आणि सगळीकडे तिथून पुढचा पूर्ण पत्ता लिहितो, 'माग स्लॅश मोजणी डॉट एच' असा. दोन टिंबं देऊन वरच्या फोल्डरात चढणारे पत्ते मला आवडत नाहीत. फाइल एका जागेवरून दुसऱ्या जागी हलवली की सगळे तुटतात.

विंडोजवर सापडते, लिनक्सवर नाही. नावही बरोबर आहे!

नाव बरोबर असेल, अक्षरं लहानमोठी असतील. विंडोज आणि मॅकचं नेहमीचं फॉरमॅट केलेलं ड्राइव्ह मोठ्या-छोट्या अक्षरांत भेद करत नाही, लिनक्स करतो. मोठ्या एमने 'मोजणी' नाव दिलेली फाइल छोट्या एमने मागवली तर तो ओळख दाखवत नाही. आमच्याकडे नियम आहे: फाइलींची नावं सगळी छोट्या अक्षरांत, मधे अंडरस्कोअर, जागा सोडायची नाही.

दुसरी शक्यता उलट्या स्लॅशची. इन्क्लूडच्या पत्त्यात नेहमी सरळ स्लॅश द्या. विंडोजच्या कंपायलरांना तो चालतो. उलटा मात्र लिनक्सवर फाइलीच्या नावातलंच एक अक्षर समजला जातो.

कोणत्या प्लॅटफॉर्मवर आहोत हे कोडला कसं कळतं?

कंपायलर स्वतः काही नावं व्याख्या करून ठेवतो. विंडोजसाठी 'अंडरस्कोअर विन ३२' (६४ बिटवरसुद्धा हेच असतं, नावावर जाऊ नका), लिनक्ससाठी दोन्ही बाजूंना दोन-दोन अंडरस्कोअर लावलेलं छोट्या अक्षरांतलं लिनक्स, मॅकसाठी तसंच मोठ्या अक्षरांतलं ॲपल. 'हॅश इफडेफ'ने, म्हणजे 'हे नाव आहे का' असं, विचारा. अंडरस्कोअर नसलेलं 'विन ३२' वापरू नका, ते कधी असतं, कधी नसतं. तसंच 'अंडरस्कोअर एमएससी अंडरस्कोअर व्हर' म्हणजे विंडोज नव्हे, तो मायक्रोसॉफ्टचा कंपायलर. मिनजीडब्ल्यू विंडोजवर असूनही ते देत नाही.

पण खरा प्रश्न हे कुठे विचारायचं हा आहे. इथे मी जरा हट्टी आहे.

पोरांच्या कोडमध्ये प्रत्येक फाइलीत इफडेफ पेरलेले असतात. दर वीस ओळींनंतर विंडोज की लिनक्स, विंडोज की लिनक्स. सहा महिन्यांनी तो कोड लिहिणाऱ्यालाही वाचवत नाही. आपल्या पूर्व भागात एखाद्या कारखान्यात जा. आत मागावर तेलुगू चालते, अक्कलकोटकडचा गिऱ्हाईक कन्नड बोलतो, बँकेत मराठी लागते. म्हणून काय प्रत्येक कामगार तीन भाषा शिकत बसतो? दिवाणजी तिन्ही बोलतो, तो दारात बसतो, बाकीचे आपलं काम करतात. कोडमध्येही एक दिवाणजी नेमा.

माझ्या मोजणीच्या प्रोग्राममध्ये तो असा आहे. 'प्लॅटफॉर्म डॉट एच' या फाइलीत फक्त आपल्या फंक्शनांची नावं: इतके मिलिसेकंद थांब, एक कळ वाच, सिरियल पोर्ट उघड. तिच्यात ना विंडोज डॉट एच, ना युनिस्टड. मग दोन सी फाइली. 'प्लॅटफॉर्म विन'मध्ये विंडोजची हेडर, 'प्लॅटफॉर्म पॉझिक्स'मध्ये लिनक्स आणि मॅकची. मेकफाइल (काय काय कंपाइल करायचं ते सांगणारी फाइल) त्यातली एकच उचलते. बाकीच्या कोडमध्ये इफडेफ शून्य.

हे कशाला, तर थांबण्याचंच उदाहरण घ्या. विंडोजवर मोठ्या एसचा 'स्लीप' मिलिसेकंद घेतो, युनिस्टडमधला छोट्या एसचा सेकंद. इफडेफची घाई करताना एकाने फक्त अक्षर बदललं, आकडा २००० तसाच ठेवला. दोन सेकंद थांबायच्या जागी लिनक्सवर प्रोग्राम तेहतीस मिनिटं थांबणार होता. तो हँग झाला म्हणून पोराने दोनदा लॅपटॉप रीस्टार्ट केला.

विंडोज डॉट एच घेतली की भलतेच एरर का येतात?

ती फाइल एकटी येत नाही, अख्खं वऱ्हाड घेऊन येते. त्यात 'मिन' आणि 'मॅक्स' नावाचे मॅक्रो (कंपाइल होण्याआधीच कोडमधला मजकूर बदलणारी नावं) असतात, तुमची त्याच नावाची फंक्शनं त्यांत सापडून चिरडतात. ती घेण्याआधी 'नोमिनमॅक्स' डिफाइन करा. सॉकेट वापरत असाल तर विनसॉक२ आधी, विंडोज डॉट एच नंतर. उलट केलंत तर ती जुनं विनसॉक आत ओढते आणि एकच गोष्ट दोनदा सांगितल्याची लांबलचक यादी समोर येते. 'विन ३२ लीन अँड मीन' डिफाइन केलं की वऱ्हाड बरंच कमी होतं आणि जुनं विनसॉकही येत नाही. दिवाणजी नेमला असेल तर हे सगळं एकाच फाइलीत निस्तरायचं असतं.

'इम्प्लिसिट डिक्लरेशन' ही फक्त वॉर्निंगच आहे ना?

नाही. या पानावरचं एकच उत्तर वाचायचं असेल तर हे वाचा.

फंक्शन वापरलं, पण ते सांगणारी हेडर घेतली नाही, तर जुना कंपायलर स्वतःच ठरवायचा की ते इंट परत देत असणार. १९९९ च्या मानकाने ही सवलत काढली, तरी कंपायलर वॉर्निंग देऊन पुढे सरकत राहिले. समजा ते फंक्शन 'स्ट्रडप' आहे, म्हणजे पॉइंटर (मेमरीतला पत्ता) परत देणारं. ३२ बिटवर इंट आणि पॉइंटर दोन्ही चार बाइटचे, म्हणून निभावून जायचं. ६४ बिटवर पॉइंटर आठ बाइटचा, त्यातले चार कापले जातात, आणि उरलेल्या अर्ध्या पत्त्यावर प्रोग्राम जाऊन आपटतो. कंपाइल होतं, लिंक होतं, चालताना कोसळतं. कोसळतं तेही भलत्याच ओळीवर.

मग पोरं म्हणतात, "पण स्ट्रिंग डॉट एच तर घेतलीय." बरोबर आहे. पण कंपाइल करताना 'वजा एसटीडी बरोबर सी९९' दिलंय का? ते दिलं की लिनक्सची लायब्ररी म्हणते, मग मी फक्त सी९९ मधलंच दाखवीन, आणि स्ट्रडप लपवते, कारण तो त्या मानकात नव्हता. मानकात तो थेट सी२३ मध्ये आला. यावर दोन उपाय. एक तर सी९९ च्या जागी जीएनयू९९ द्या. नाहीतर 'अंडरस्कोअर पॉझिक्स सी सोर्स' हे नाव २००८०९एल या किमतीने डिफाइन करा. पण फाइलीच्या अगदी वर, पहिल्या इन्क्लूडच्याही आधी. एकदा का पहिली हेडर आत गेली की नंतर डिफाइन करून उपयोग नाही, काय दाखवायचं ते तेव्हाच ठरलेलं असतं. मॅकवर हेच नाव दिल्याने ॲपलच्या स्वतःच्या काही गोष्टी लपतात. त्या हव्या असतील तर सोबत 'अंडरस्कोअर डार्विन सी सोर्स'ही द्या. व्हिज्युअल स्टुडिओ वेगळंच भांडतो, त्याला स्ट्रडपच्या नावाआधी अंडरस्कोअर हवा असतो.

क्लँग नावाच्या कंपायलरने २०२३ च्या १६ व्या आवृत्तीपासून आणि जीसीसीने २०२४ च्या १४ व्या आवृत्तीपासून या वॉर्निंगचा सरळ एरर केला. "नवीन उबुंटू टाकलं आणि जुना कोड बिघडला" असं म्हणत येणाऱ्यांचं कारण बऱ्याचदा हेच निघतं. कोड आधीच बिघडलेला होता.

लाँग सगळीकडे सारखाच ना?

हा धडा मी पैसे मोजून शिकलो. केबिनमधल्या विंडोज पीसीवर मागांचे पिक (कापडात पडणारे आडवे धागे) मोजून मी अख्खं स्ट्रक्चर जसंच्या तसं फाइलीत लिहीत होतो, आकडे लाँगमध्ये. पुढे तीच फाइल लिनक्सच्या सर्व्हरवर वाचली, तर पहिला माग एका पाळीत अब्जावधी पिक घालत होता. मालक हसला, बिलातून मात्र कापले. ६४ बिट विंडोजवर लाँग चार बाइटचा, ६४ बिट लिनक्स आणि मॅकवर आठचा. टर्बो सीत तर इंटच दोन बाइटचा, ३२७६७ च्या पुढे गेला की उलटा फिरतो.

स्टडइंट डॉट एच घ्या आणि 'इंट३२ टी', 'इंट६४ टी' असे मोजून-मापून प्रकार वापरा. छापताना इंटटाइप्स डॉट एचमधले पीआरआयने सुरू होणारे मॅक्रो लागतात. दिसायला कुरूप आहेत, इलाज नाही. व्हिज्युअल स्टुडिओत स्टडइंट २०१० पासून आणि इंटटाइप्स २०१३ पासून आहे. त्याहून जुना कुणी वापरत असेल तर त्याला चहा पाजा आणि समजवा.

इन्क्लूड गार्ड की प्राग्मा वन्स?

कुठलंही. दोन्हींचं काम एकच, एकाच सी फाइलीत हेडर दोनदा येऊ न देणं. प्राग्मा वन्स मानकात नाही, पण जीसीसी, क्लँग, मायक्रोसॉफ्ट तिघांना कळतं. तीच फाइल दोन वेगळ्या फोल्डरांत कॉपी करून ठेवली असेल तर ते फसू शकतं, म्हणून मी गार्ड लिहितो. गार्डचं नाव अंडरस्कोअर आणि मोठ्या अक्षराने सुरू करू नका, ती नावं कंपायलरसाठी राखीव आहेत.

गार्ड आहे, तरी 'मल्टिपल डेफिनिशन' का?

गार्ड एका सी फाइलीपुरतं काम करतो. हेडरमध्ये 'इंट एकूण;' लिहिलंत आणि ती पाच सी फाइलींनी घेतली, तर पाच एकूण तयार होतात. जीसीसी पूर्वी हे पाचही गुपचूप एक करायचा. २०२० च्या १० व्या आवृत्तीपासून त्याने ते सोडलं. हेडरमध्ये 'एक्स्टर्न' लावून सांगा आणि खरा व्हेरिएबल एकाच सी फाइलीत ठेवा.

मॅथ डॉट एच घेतली, तरी 'अनडिफाइन्ड रेफरन्स टू एसक्यूआरटी'?

लिनक्सवर कमांडच्या शेवटी 'वजा एल एम' द्या. हेडर म्हणजे टॉवेलवाल्याने दाखवलेलं सॅम्पल. गठ्ठा गोदामातून येतो, आणि गोदाम कुठलं ते लिंकरला (कंपाइल झालेले तुकडे जोडून प्रोग्राम बनवणाऱ्याला) सांगावं लागतं. विंडोज-मॅकवर गणिताचं गोदाम दुकानातच असल्यासारखं आहे, म्हणून तिथे कुणी विचारत नाही. आणि 'शेवटी' म्हटलंय ते मुद्दाम. फाइलींच्या आधी दिलं तर बऱ्याचदा तोच एरर परत येतो.

लायब्ररी इन्स्टॉल आहे, तरी तिची हेडर नाही म्हणतो.

उबुंटूवर लायब्ररी चालवायचं पॅकेज वेगळं आणि तिच्यावर कोड लिहायचं वेगळं. नावाच्या शेवटी 'डेव्ह' असलेलं टाका. स्टडिओच सापडत नसेल तर 'बिल्ड इसेन्शियल' टाकायचं राहिलंय. मॅकवर २०१८ च्या एक्सकोड १० पासून 'यूएसआर स्लॅश इन्क्लूड' हे फोल्डरच उरलेलं नाही, हेडर एसडीकेच्या (ॲपलच्या डेव्हलपर किटच्या) आत असतात. 'एक्सकोड सिलेक्ट'ने कमांड लाइन टूल्स बसवा आणि जुन्या मेकफाइलीत तो पत्ता हाताने लिहिला असेल तर खोडा. लायब्ररींचे पत्ते विचारायचं काम 'पीकेजी कॉन्फिग' या टूलवर सोपवा.

कंपायलर नेमकी कुठली फाइल उचलतोय हे कसं बघू?

जीसीसी आणि क्लँगला 'वजा मोठा एच' द्या. एकेक हेडर कुठल्या फोल्डरातून आली त्याची यादी येते, जितकी खोल तितकी टिंबं. मायक्रोसॉफ्टकडे त्यासाठी 'शो इन्क्लूड्स' आहे. 'वजा मोठा ई' दिलं की सगळ्या हेडर उलगडून झाल्यावरचा कोड समोर येतो. एकदा तो उघडून बघाच, पाच ओळींच्या प्रोग्रामची शेकडो ओळींची लड दिसते.

एका पोराने पाळीच्या वेळांसाठी मोठ्या टीने 'टाइम डॉट एच' नावाची स्वतःची फाइल केली होती. लिनक्सवर सुरळीत. मित्राच्या मॅकवर एररच एरर, कारण तिथे मोठा टी आणि छोटा टी एकच, आणि 'वजा मोठा आय टिंब' दिल्यामुळे खऱ्या टाइमच्या आधी याची फाइल सापडत होती. 'वजा मोठा एच'ने दोन मिनिटांत कळलं. त्याआधी दोन रात्री गेल्या होत्या. स्ट्रिंग, टाइम, मॅथ ही नावं आपल्या फाइलींना देऊच नका.

इन्क्लूडचा क्रम लावायचा कसा?

सी फाइलीत सगळ्यांत आधी तिचं स्वतःचं हेडर, मग आपली बाकीची, मग बाहेरची, शेवटी मानकातली. आपलं हेडर पहिलं ठेवण्याचं कारण असं की त्यात काही घ्यायचं राहिलं असेल तर तिथेच एरर येतो. नाहीतर 'साइज टी' वापरणारं हेडर, वर योगायोगाने स्टडिओ घेतलेली आहे म्हणून चालत राहतं, आणि कुणी ती ओळ काढली की दुसऱ्याच गावात बोंब उठते. तसंच, लिनक्सवर एका हेडरमधून दुसरी आपोआप येते म्हणून ती मॅकवरही येईल असं नाही. जे वापरताय ते स्वतः मागवा.

हेडर बदलली, पण प्रोग्राम जुन्यासारखाच वागतोय?

मेकफाइलला त्या हेडरचा पत्ताच नाही. जीसीसीला 'वजा एमएमडी' द्या, तो यादी करून देतो, ती मेकफाइलीत जोडा. तोवर 'मेक क्लीन'.

लॅपटॉपवरून एआरएम बोर्डासाठी कंपाइल करताना लॅपटॉपचीच हेडर घुसतात.

कुणीतरी 'वजा मोठा आय'ने लॅपटॉपचं 'यूएसआर स्लॅश इन्क्लूड' दिलेलं असणार. काढा. बोर्डाची हेडर आणि लायब्ररी एका वेगळ्या फोल्डरात उतरवा आणि क्रॉस कंपायलरला (दुसऱ्या प्रोसेसरसाठी कंपाइल करणाऱ्याला) 'सिसरूट'ने ते फोल्डर दाखवा. पीकेजी कॉन्फिगही सवयीने लॅपटॉपचेच पत्ते देतो, त्यालाही हे सांगावं लागतं.

मग टर्बो सी काढून टाकू का दादा?

प्रॅक्टिकलची परीक्षा त्याच्यावरच असेल तर ठेवा की. घरी जीसीसीवर लिहा, 'वजा मोठा डब्ल्यू ऑल' लावून सगळ्या वॉर्निंगा मिटवा, आणि परीक्षेच्या आदल्या रात्री कोनिओची ओळ परत चिकटवा.